१ मेची संध्याकाळ, घरची गच्ची: मराठवाड्यात महाराष्ट्र दिन घरी साजरा करण्याची सविस्तर तयारी

महाराष्ट्र दिन ऐन उन्हाळ्यात येतो. १ मेला मराठवाड्यात पारा चाळिशीच्या पुढेच असतो, काही वर्षी ४२-४३ पर्यंत जातो. सकाळी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ध्वजवंदन होतं, पेढा हातात पडतो आणि दहाच्या आत सगळे आपापल्या घरी पंख्याखाली. दिवस तिथेच संपतो. खरं तर हीच वेळ सगळे जमण्याची असते: मुलांना सुट्ट्या लागलेल्या, पुण्या-मुंबईची भावंडं गावी आलेली, आजी-आजोबा घरात. थोडी आखणी केली तर संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा या चार तासांत घरच्या गच्चीवर फार छान कार्यक्रम होतो. खालचं सगळं प्रमाण २५ माणसांचं आहे, म्हणजे १८ मोठी आणि ७ मुलं. माणसं वाढली तर त्या हिशेबाने वाढवा.

वेळ आणि जागा

दुपारचं जेवण ठेवू नका. कूलर कितीही लावले तरी २५ माणसं एका दिवाणखान्यात बसली की हवा कोंदते आणि स्वयंपाकघरातल्या माणसांचे हाल होतात. मराठवाड्यात १ मेला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. नांदेडकडे दोन-चार मिनिटं आधी, छत्रपती संभाजीनगरकडे पाच-सात मिनिटं उशिरा. पाहुण्यांना साडेसहाची वेळ द्या.

गच्चीची खरी अडचण हवेची नसते, स्लॅबची असते. दिवसभर तापलेला स्लॅब ऊन उतरल्यावरही रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत राहतो. त्यामुळे वर वारा सुटलेला असतो, पण बसलेल्या माणसाला खालून चटके बसतात. पुष्कळ जण दुपारी चारला चार-पाच बादल्या पाणी ओततात. ते वाया जातं. ऊन अजून अंगावर असतं, पाणी दहा मिनिटांत वाळतं आणि स्लॅब पुन्हा तापतो. आधी गच्ची झाडून घ्या. सहा वाजता, ऊन तिरपं झाल्यावर, एक बादली शिंपडा. सव्वासहाला दुसरी. मग बसायच्या जागेवर ओली करून पिळलेली तरटं अंथरा आणि त्यावर अर्ध्या तासाने सतरंज्या. तरट हळूहळू वाळतं, तोवर खालची उष्णता खेचत राहतं. ज्या गावात आठवड्यातून एकदा नळ येतो तिथे गच्चीवर पिण्याचं पाणी शिंपडणं मनाला पटत नाही. घरात आरओ असेल तर त्याचं सांडपाणी तीन दिवस आधीपासून एका टिपात साठवा. दोन-तीन बादल्या सहज निघतात.

मोकळ्या जागेत कूलरचा उपयोग त्याच्यासमोर बसलेल्या चार माणसांपुरताच. दोन उभे पंखे समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिरपे लावा, त्यांनी जास्त काम होतं. मांडव किंवा कापडी छत मात्र टाळा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अचानक वावधान सुटतं, विजा चमकतात, कधी गाराही पडतात. गच्चीवरचं छत वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि बांबूसकट उडतं. आकाश भरून आलं, विजेचा आवाज आला की सगळ्यांनी लगेच खाली यायचं. त्यासाठी खालची एक खोली रिकामी ठेवाच. गच्चीचा कठडा कमरेच्या खाली असेल तर मुलांना तिथे खेळू देऊ नका. पाण्याच्या टाकीची शिडी काढून ठेवा.

खुर्च्या, सतरंज्या, मोठी पातेली पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. हे दिवस लग्नसराईचे असतात. आदल्या दिवशी मंडपवाल्याकडे गेलात तर एक खुर्ची मिळणार नाही.

झेंडा: इथे चूक नको

महाराष्ट्र दिनाला घरावर तिरंगा लावता येतो. भारतीय ध्वज संहिता २००२ नुसार सामान्य नागरिकाला ती मुभा आहे. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने खादीबरोबर पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर शिवलेला झेंडाही चालतो. जुलै २०२२ पासून घरावर लावलेला झेंडा रात्रीही ठेवता येतो. तरी आमचा सल्ला जुन्या रीतीचा आहे: सकाळी फडकवा, सूर्यास्ताला उतरवा. मेमधलं वादळ रात्री आलं तर झेंडा फाटतो, आणि फाटका झेंडा लावून ठेवणं संहितेत बसत नाही. शिवाय झेंडा उतरवणं हीच संध्याकाळच्या कार्यक्रमाची उत्तम सुरुवात होते.

लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ च हवं. गच्चीसाठी ९०० बाय ६०० मिलिमीटर हा प्रमाणित आकार पुरतो. विकत घेताना चक्राचे आरे मोजा, ते २४ असले पाहिजेत. केशरी पट्टा वर. भिंतीवर उभा लावला तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी पट्टा आला पाहिजे. इथे बहुतेकांची गल्लत होते. काठी कठड्याला दोन ठिकाणी तारेने घट्ट बांधा. एकाच ठिकाणी बांधलेली काठी वाऱ्याने फिरते, झेंडा खाली लोंबतो आणि जमिनीला लागतो.

उतरवताना दोघांनी आडवा धरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी आत घ्या. चक्र वर दिसेल आणि कडेला केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसेल. दोन्ही तळहातांवर ठेवून आत न्या. मुलांना आदल्या दिवशी एका ओढणीवर हा सराव करून घ्या.

संहिता सजावटीसाठी झेंडा वापरायला मनाई करते: पताका, माळा, टेबलावरचं कापड, रुमाल, काहीही नको. चक्र छापलेल्या प्लॅस्टिकच्या माळा बाजारात मिळतात, त्या घेऊ नका. मुलांच्या हातात कागदी झेंडे द्यायचे असतील तर मोजून द्या आणि मोजून परत घ्या. रात्री गच्चीच्या कोपऱ्यात तुडवलेला एक झेंडा सापडला तरी सगळ्या संध्याकाळचा आनंद जातो.

सजावट

सजावटीला महाराष्ट्राचीच मानचिन्हं घ्या. आंबा हा राज्यवृक्ष. चार फुटी दारासाठी आंब्याची २५ ते ३० पानं पुरतात. तोरण संध्याकाळी पाचनंतरच ओवा, सकाळी ओवलेलं दुपारपर्यंत वळतं. ताम्हण, म्हणजे जारूळ, हे राज्यफूल. नेमका याच दिवसांत त्याला जांभळा बहर असतो. तुमच्या वसाहतीत रस्त्याकडेला झाड असेल तर मालकाला किंवा सोसायटीला विचारून दोन-तीन तुरे आणा आणि पाण्याच्या तांब्यात ठेवा. झेंडू या दिवसांत महाग आणि मरगळलेला असतो, तो नाही आणला तरी चालेल. पताका साध्या रंगीत कागदाच्या किंवा जुन्या सुती साड्यांच्या काठांच्या करा.

रांगोळीत महाराष्ट्राचा नकाशा काढायचा असेल तर गच्चीवर नको, वाऱ्याने विस्कटतो. अंगणात किंवा जिन्याखाली काढा. ए-फोर कागद आडवा धरून त्यावर २० बाय १८ सेंटिमीटरचा नकाशा छापून घ्या आणि त्यावर दोन-दोन सेंटिमीटरच्या चौकटी आखा. जमिनीवर खडूने वीस-वीस सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या की २ मीटर बाय १.८ मीटरचा नकाशा होतो. एकेक चौकट बघून रेघ ओढत जा. हाताने अंदाजे काढलेल्या नकाशात गोंदिया-गडचिरोलीचा पूर्वेचा भाग नेहमी आखडतो, आणि मग मराठवाडा मधोमध सरकल्यासारखा दिसतो. चौकटीने काढल्यावर ती चूक होत नाही. मराठवाड्याचे आठ जिल्हे वेगळ्या रंगाने भरा. सगळी मिळून दोन-अडीच किलो रांगोळी लागते.

दिव्यांसाठी एलईडीच्या माळा पुरेत. वायर सतरंजीखालून नेऊ नका, ओल्या तरटावरून तर मुळीच नको. कठड्याच्या कडेने न्या. वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त दोन दिवे आणि एक पंखा राहील अशी जोडणी आधी करून बघा. दोन चार्जिंगचे दिवे दुपारीच भरून ठेवा.

पाणी आणि पन्हं

चार तासांसाठी माणशी सव्वा लिटर पिण्याचं पाणी धरा, म्हणजे ३० लिटरच्या वर. २० लिटरचे दोन जार किंवा दोन माठ. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे माठ उत्तम गार होतो, पण त्याला सहा-आठ तास लागतात. तो सकाळीच भरून सावलीत, वारा लागेल असा ठेवा. बंद कपाटाशेजारी ठेवलेला माठ गार होत नाही. बर्फ आणणार असाल तर खाण्याचाच मागून घ्या. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे, निळसर दिसला तर परत करा.

स्वागताला पन्हं. दीड किलो कैऱ्या कुकरला तीन शिट्ट्या करून उकडा. गर साधारण एक किलो निघतो. गर गरम असतानाच त्यात सव्वा किलो चिरलेला गूळ, दोन चमचे मीठ आणि १०-१२ वेलदोड्यांची पूड घाला. विरघळलं की चाळणीतून गाळा, नाहीतर धागे घशात अडकतात. हा अर्क फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. ऐन वेळी एक वाटी अर्काला अडीच वाट्या गार पाणी. बर्फ पातेल्यात टाकू नका, पेल्यात टाका. पातेल्यात टाकला की शेवटच्या दहा जणांना नुसतं गोड पाणी मिळतं. भांडं स्टीलचंच हवं. कैरीची आंबटी पितळेला आणि ॲल्युमिनियमला लागते आणि पन्हं कळकतं.

ताक जेवणाच्या वेळीच घुसळा. तीन लिटर दह्याचं नऊ लिटर होतं. सहाला केलेलं ताक या उकाड्यात साडेआठला आंबटढाण होतं.

आमरसाचा मोह होईल. पण मराठवाड्याचा केसर आंबा, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, तो साधारणपणे मेच्या मध्यानंतर तयार होतो. १ मेला बाजारात पिवळाधमक, सगळीकडे एकसारखा रंग आणि देठाशी वास नसलेला आंबा दिसला तर तो कार्बाइडवर पिकवलेला असण्याची शक्यता मोठी. कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. खात्रीचा आंबा नसेल तर गव्हाची गुळातली खीर करा, आपल्याकडे दक्षिणेच्या तालुक्यांत हुग्गी म्हणतात ती. या उकाड्यात ती दुधाच्या मिठाईपेक्षा कितीतरी टिकते.

जेवण

संध्याकाळी साडेसातला सुशीला, रात्री साडेआठला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ताक, येसराची (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची) आमटी आणि भात. पनीर-पुलावाचा बेत वाईट नाही, पण पुण्याहून आलेली नातवंडं ते वर्षभर खातात. येसर त्यांना कुठे मिळणार?

सुशीला: मुरमुरे १ किलो, कांदे पाऊण किलो, हिरव्या मिरच्या १५-१८, शेंगदाणे पाव किलो, डाळव्याचं पीठ दीडशे ग्रॅम, तेल २०० मिली, लिंबं चार. कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी दुपारीच करून ठेवा. मुरमुरे पाण्यात फक्त १०-१५ सेकंद बुडवून, मुठीने पिळून काढा. मिनिटभर जरी राहिले तरी लगदा होतो. पिळलेल्या मुरमुऱ्यांना आधी डाळव्याचं पीठ चोळा, मग फोडणीत टाका. पिठामुळे उरलेलं पाणी शोषलं जातं आणि दाणा मोकळा राहतो. एका कढईत एक किलो करू नका, तळाचे मुरमुरे दबून गोळा होतो. दोन घाण्यांत करा.

धपाटे: मोठ्यांना तीन, मुलांना दीड, वर दहा शिल्लक, असे ७५ धरा. ज्वारीचं पीठ ३ किलो, कणीक १ किलो, बेसन अर्धा किलो. हिरवी मिरची २०० ग्रॅम आणि लसूण १५० ग्रॅम यांचा ठेचा, तीळ १०० ग्रॅम, ओवा तीन चमचे, हळद, कोथिंबिरीच्या दोन जुड्या, मीठ सुमारे ७० ग्रॅम, दही अर्धा किलो. भाजायला ६०० मिली तेल. एक धपाटा नीट व्हायला साडेतीन मिनिटं लागतात. दोन तव्यांवर ७५ धपाट्यांना सव्वादोन तास होतात. हा हिशेब न केल्यानेच बहुतेक घरी पाहुणे आले तरी गृहिणी चुलीपुढे घामाघूम उभी असते. त्यामुळे काम दोन भागांत वाटा. सकाळी ऊन चढायच्या आत ४५ धपाटे करा. त्यात कच्चा कांदा घालू नका, तो उन्हाळ्यात लवकर उतरतो. मेथी घाला. दही असल्याने ते रात्रीपर्यंत मऊ राहतात. संध्याकाळी ३० गरम करा, ते कांद्याचे. कांद्याचं पीठ एकदम मळू नका. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि वीस मिनिटांत पीठ सैल होऊन कापडाला चिकटतं. दहा-दहांचंच मळा. थापायचं कापड ओलं करून घट्ट पिळलेलं हवं. मधे बोटाने भोक पाडायला विसरू नका, तिथून तेल आत जातं आणि मधला भाग कच्चा राहत नाही. तव्यावरून उतरल्यावर लगेच डब्यात रचू नका. वाफ धरते आणि सगळी चळत ओलसर होते. पाच-सात मिनिटं कापडावर पसरा, मग सुती फडकं घातलेल्या डब्यात.

शेंगदाण्याची चटणी तीन-चार दिवस आधी करून ठेवता येते: पाऊण किलो शेंगदाणे, २५ पाकळ्या लसूण, ५० ग्रॅम तिखट, जिरं, मीठ. दाणे पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा आणि थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की तेल सुटून लोणी होतं.

आमटीला ६ लिटर पाण्याला २५० ते ३०० ग्रॅम येसर. येसर आधी गार पाण्यात कालवा, गरमात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या मग फुटत नाहीत. फोडणीत ओतल्यापासून उकळी येईपर्यंत पळी हलवत राहा, कारण पीठ तळाला बसतं आणि करपलेला वास सगळ्या आमटीला लागतो. तांदूळ सव्वा किलो पुरे.

जेवायला पळसाच्या पत्रावळी. ताटं धुवायला जे शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं ते वाचतं. खीर-आमटीसाठी द्रोण मात्र दुहेरी घ्या.

कार्यक्रम: मराठवाड्याची गोष्ट सांगणारा

पावणेसातला झेंडा उतरवा आणि राष्ट्रगीत म्हणा. पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. मग राज्यगीत. २०२३ पासून महाराष्ट्राला अधिकृत राज्यगीत आहे, त्याची ठरवून दिलेली दोन कडवी म्हणायची. ध्वनिफीत लावण्यापेक्षा घरच्यांनी म्हटलेलं बरं. कडवी कागदावर लिहून चार दिवस आधी मुलांना द्या.

त्यानंतरचा अर्धा तास आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. मराठवाडा महाराष्ट्रात तीन पायऱ्यांनी आला, आणि पहिल्या दोन पायऱ्या इथल्या मुलांनाही धड ठाऊक नसतात. कठड्याला सुतळी बांधा आणि तिच्यावर चिमट्याने तीन मोठे कागद लावा. पहिला १७ सप्टेंबर १९४८: निजामाची राजवट संपली, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा मुक्तिसंग्राम सफल झाला. दुसरा १ नोव्हेंबर १९५६: हैदराबाद राज्याची फाळणी होऊन मराठवाड्याचे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. तिसरा १ मे १९६०: २६ जिल्ह्यांचा महाराष्ट्र. नागपूर कराराची, म्हणजे मराठी भाग एका राज्यात आणण्याबाबत नेत्यांमध्ये झालेल्या कराराची, २८ सप्टेंबर १९५३ ही तारीख मोठ्या मुलांसाठी मधे लावता येईल.

मग जिल्ह्यांचं कोडं. पुठ्ठ्यावर मराठवाड्याचा नकाशा चिकटवून आठ तुकडे कापा. आधी मुलांनी १९६० चा मराठवाडा जुळवायचा, म्हणजे ढोबळमानाने जालना छत्रपती संभाजीनगरला, लातूर धाराशिवला आणि हिंगोली परभणीला जोडून. मग एकेक जिल्हा वेगळा करायचा: जालना १ मे १९८१, लातूर १६ ऑगस्ट १९८२, हिंगोली १ मे १९९९. जालना आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांचा वाढदिवसही १ मेलाच येतो, हे कळल्यावर तिथल्या मुलांचे चेहरे बघा. त्यांच्या हातूनच खीर वाढायला घ्या. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्य फुलपाखरू नीलवंत यांचे प्रश्नही विचारता येतील, पण पंधरापेक्षा जास्त प्रश्न नकोत, लहान मुलं कंटाळतात.

घरात किंवा गल्लीत पंचाऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना खुर्ची पंख्याजवळ द्या, कार्यक्रम त्यांचाच करा. त्यांनी निजामाचा काळ लहानपणी पाहिलेला असतो. "तेव्हाच्या आठवणी सांगा" असा मोघम प्रश्न विचारला की त्या माणसाला काय सांगावं सुचत नाही. मुलांना नेमके प्रश्न लिहून द्या: आजोबा, निजामाचं नाणं, हाली सिक्का, हातात घेतला होता का, त्यात काय यायचं? शाळेत उर्दू किती होतं? गावात रझाकार आले तेव्हा तुम्हाला कुठं नेलं होतं? निजामाची राजवट संपल्याची बातमी गावाला कशी कळली? मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, पण त्यांना विचारून. मोबाइल त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पंख्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. पंख्यासमोर ठेवला तर नुसती घरघर येते. दहा-पंधरा मिनिटांत थांबा. काही आठवणी दुखऱ्या असतात, आजी गप्प झाल्या तर विषय बदला.

जेवण साडेआठला सुरू करा, तेव्हा स्लॅबही निवू लागलेला असतो. जेवणानंतर मराठी गाण्यांच्या भेंड्या. रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद झालाच पाहिजे, तसा नियम आहे. नंतर तोंडी गाणी कितीही वेळ चालतील.

कुणाला गरगरलं, डोकं दुखू लागलं, मळमळलं तर झोपवून अंगावर ओलं फडकं ठेवा आणि ओआरएसचं पाणी घोटघोट पाजा. घाम थांबून अंग तापलं किंवा बोलणं असंबद्ध झालं तर वाट न बघता दवाखान्यात न्या. ओआरएसची चार पाकिटं पन्ह्याच्या पातेल्याजवळच ठेवलेली असावीत.

निघताना उरलेले धपाटे कागदात बांधून द्या, ते सकाळी न्याहारीला चालतात. उरलेली आमटी मात्र रात्रीच उकळून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिली तर सकाळपर्यंत विटते. झेंडा ओलसर असेल तर घडी करण्याआधी घरात सावलीत वाळवा, नाहीतर पुढच्या १५ ऑगस्टला काढाल तेव्हा पांढऱ्या पट्ट्यावर बुरशीचे काळे ठिपके दिसतील.